घरच्यांची सही

सकाळचे अकरा वाजले होते. वृत्तपत्राच्या कचेरीत अजून निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण खिडकीजवळच्या टेबलावर प्रुफांचा पहिला गठ्ठा येऊन पडला होता. सगळ्यात वर हवामानाची बातमी. ओळी चार आणि चुका पाच. टेबलामागे बसलेल्या बाईंनी लाल पेनाचे टोपण दातांत धरले, पाचही चुकांना गोल केले आणि कागद बाजूला टाकला. पाऊस पडेल की नाही ते त्यांनी वाचलेच नव्हते. अक्षरे बघताना मजकूर दिसत नाही, ही त्या धंद्यातली जुनी खोड.

साऱ्या कचेरीत त्यांना 'वेलांटीबाई' म्हणत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की बाईंच्या कपाळावर आठी चढायची, मग लिहिणारा संपादक असो नाहीतर शिकाऊ पोर. एका उपसंपादकाने मोठ्या प्रेमाने हाती दिलेली लग्नपत्रिका त्यांनी तीन लाल गोल करून परत केली होती. बिचाऱ्याने पत्रिका पुन्हा छापून घेतली आणि लग्नात सगळ्यांना तो किस्सा स्वतःच सांगत सुटला. बाईंचे लग्नही म्हणे वेलांटीवरच जमलेले. नवरा याच वृत्तपत्रात वार्ताहर. त्याच्या बातम्यांत 'सामाजीक', 'आर्थीक', 'कौटुंबीक' असे शब्द दीर्घ शेपट्या हलवत यायचे. बाई त्या कापायच्या, तो टेबलाशी येऊन भांडायचा, आणि भांडता भांडता एक दिवस त्याने लग्नाचे विचारले. चिठ्ठी लिहून विचारले. तीतही दोन चुका होत्या.

गेली नऊ वर्षे बाई आणखी एक काम करीत होत्या. पत्रकारांच्या संघटनेचे एक मासिक निघे, त्याची प्रुफे त्या घरी नेऊन तपासत. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. एकदा सहज तपासून दिली आणि ते काम गळ्यात पडले. मासिकावर त्यांचे नाव कुठेच नसे. त्यांनाही त्याचे काही वाटत नसे, निदान त्या पत्रापर्यंत तरी वाटले नव्हते.

ते पत्र 'कोर्टवाली'चे होते. तिने नऊ वर्षे न्यायालयाच्या बातम्या दिल्या होत्या. वकील तिला बघून जपून बोलत. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली तर तिच्या जागी दुसराच, आणि तिच्या हाती पाककृती आणि विणकामाचे पान. "आता घरी लहान बाळ आहे ना," असे तिला समजावण्यात आले. तिने कोणाकडे आकांडतांडव केले नाही. फक्त संघटनेच्या मासिकाला पत्र लिहिले. ते प्रूफ बाईंकडे आले. बाईंनी अकरा चुका काढल्या, एक स्वल्पविराम घातला आणि पान पुढे पाठवले. अंक छापून आला तेव्हा त्या जागी मासिकाच्या संपादकांचा गळ्यात हार घालून काढलेला फोटो होता आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. पत्राचे काय झाले असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "जागेअभावी राहिलं." पुढच्या महिन्यातही जागा झाली नाही. तिसऱ्या महिन्यात कोर्टवालीने राजीनामा दिला. खण रिकामा करून जाताना ती बाईंच्या टेबलाशी थांबली.

"तुम्ही वाचलं होतंत ना माझं पत्र? बरं वाटलं हो. एका माणसानं तरी वाचलं."

बाईंना तोंड वर करता येईना. कारण त्यांनी पत्र वाचलेच नव्हते, त्यातल्या वेलांट्या वाचल्या होत्या. हे त्या कोणापाशी बोलल्या नाहीत, पण ते वाक्य जिव्हारी लागले ते लागलेच. पुढल्या आठवड्यात मासिकाच्या संपादकपदाची निवडणूक जाहीर झाली आणि बाईंनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन उमेदवारी अर्ज भरला. अर्जासोबत जाहीरनामा द्यायचा असतो. बाईंचा जाहीरनामा एका ओळीचा होता: 'सभासदाने पाठवलेले पत्र छापले जाईल, न छापल्यास त्याचे कारण छापले जाईल.'

आता हे सांगितले पाहिजे की या संघटनेत निवडणूक 'जाहीर' होत असे, 'होत' नसे. सोळा वर्षे सगळी पदे बिनविरोध. तसे फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते, जणू काही पदकच मिळाले आहे! संपादकपदावर सोळा वर्षे एकच गृहस्थ, त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊ वाईट माणूस नव्हते, आणि खरी पंचाईत तीच होती. कामावरून काढलेल्या छपाई कामगारांसाठी ते छापखान्याच्या दारात नऊ दिवस उपाशी बसले होते. कोणाच्या बापाला रुग्णालयात खाट मिळत नसली की भाऊंचा फोन जाई. निम्म्या कचेरीला पहिली नोकरी त्यांच्या शब्दावर मिळालेली, त्यात बाईंचा नवराही आला. अशा माणसापुढे उभे राहायचे म्हणजे देवमाणसाला ढकलण्यासारखे दिसते, आणि ते तसे दिसावे याची भाऊ काळजी घेत.

अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ बाईंच्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले. इतके दिवस 'बाई' म्हणणारे भाऊ त्या दिवशी म्हणाले, "काय वहिनी, आमच्यावर रागावलात का?"

"रागावले नाही. उभी राहिले."

"अहो, आपल्यात निवडणूक होत नाही, निवड होते. चार माणसं बसतात, ठरवतात. फूट दिसली की मालकांचं फावतं. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला सांगायला नको."

"मग त्या चार माणसांत मला बसवायचं होतंत, भाऊ."

भाऊ हसले. त्यांनी बाईंशी वाद घातला नाही. जाताना एवढेच म्हणाले, "बघतो, घरी बोलतो." कोणाच्या घरी, हे बाईंच्या लक्षात आले नाही. 'वहिनी' म्हटल्याबरोबर त्या सभासद उरल्या नव्हत्या, कोणाच्या तरी बायको झाल्या होत्या, आणि बायकोशी बोलायचे ते नवऱ्यामार्फत, हेही तेव्हा त्यांना सुचले नाही.

त्या दिवसापासून वार्ताहर नवऱ्याचे हाल सुरू झाले. पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारची खुर्ची कोणीतरी पुढे ओढून म्हणे, "बसा, बसा, संपादिकाबाईंचे यजमान!" चहाच्या टपरीवर विचारणा होई, "काय रे, घरी मतदान झालं का? तुझं डिपॉझिट वाचलं का?" तो हसण्यावारी नेई. पण थट्टेचे दोन घोट गिळता येतात, तिसरा घशात अडकतो.

घरी मात्र सगळे नेहमीसारखे चालले होते. गुरुवारी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. बारा वर्षांची लेक शाळेच्या सहलीचा फॉर्म घेऊन आली. फॉर्मवर आईची सही हवी होती.

"आण इकडे," बाप म्हणाला, "आईचे हात पिठात आहेत." आणि त्याने झोकात बाईंची सही केली, आडनावाखालच्या त्या लांब रेघेसकट.

"अगं आई, बाबांची सही तुझ्यापेक्षा तुझ्यासारखी आहे!" पोरगी खिदळली.

"असणारच. गॅसचं पुस्तक, बँकेचा फॉर्म, पार्सलवाल्याची पावती, सगळीकडे मीच की!" तोही हसला. बाईही हसल्या. ओट्याशी भाजी निवडत बसलेल्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी निवडलेल्या शेंगा पुन्हा एकदा निवडायला घेतल्या.

शुक्रवार हा माघारीचा शेवटचा दिवस होता. मुदत चारपर्यंत. बाईंना त्या दिवशी सकाळची पाळी होती आणि रविवारच्या पुरवणीची सोळा पाने तपासायची होती. साडेचारला कचेरीतली एकुलती एक स्त्री छायाचित्रकार, जिला सगळे 'फोटोवाली' म्हणत, धापा टाकत टेबलाशी आली.

"बाई, तुम्ही माघार घेतलीत?"

"मी? छे गं!"

फोटोवालीने मोबाइल पुढे केला. संघटनेच्या फलकावर लावलेल्या अर्जाचा तिने फोटो काढून आणला होता. 'मी कौटुंबीक कारणास्तव संपादकपदाच्या निवडणूकीतून माघार घेत आहे.' खाली बाईंची सही होती, लांब रेघेसकट.

बाईंचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. 'कौटुंबीक' चूक. 'निवडणूकीतून' चूक. आधी त्या दोन चुका दिसल्या आणि मग, बऱ्याच वेळाने, अर्थ दिसला. तो दीर्घ 'बी' त्यांनी वीस वर्षांत इतक्या वेळा कापला होता की तो कोणाचा हे त्यांना विचारावे लागले नाही. त्यांनी पेन टोपणात घातले आणि फोटोवालीला म्हणाल्या, "चल."

संघटनेची खोली दोन गल्ल्या सोडून होती. सायकलच्या दुकानावरचा जिना, वर लोखंडी कपाट, मोडका कॅरम आणि एक लांब टेबल. निवडणूक अधिकारी म्हणून निवृत्त वृत्तसंपादक बसले होते, त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. बाईंना प्रूफ वाचायला त्यांनीच शिकवले होते.

"मास्तर, हा अर्ज मी दिलेला नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुझा नवरा घेऊन आला होता. घरचा माणूस. त्याला मी काय विचारायचं, पोरी?"

"वाचलात का तुम्ही?"

"वाचला."

"वेलांटी दिसली?"

खाली सायकलच्या चाकात कोणी हवा भरत होते, त्याचा आवाज येत राहिला.

"दिसली," ते शेवटी म्हणाले. "म्हटलं, घाईत लिहिलं असशील."

"घाईत माझी वेलांटी चुकलेली कधी पाहिलीत?"

मास्तरांनी खणातून कोरा कागद काढून पुढे सरकवला. "सही माझी नाही, असं लेखी दे. उद्या बाराला सुनावणी ठेवतो. पण एक सांगू? सही तुझी नाही म्हटलंस की कुणाची हे विचारावं लागणार. घरातली गोष्ट आहे. रात्रभर विचार कर."

बाईंनी तिथेच उभ्याने लिहून दिले.

घरी पोचल्या तेव्हा उजेड होता. नवरा आज लवकर आला होता आणि टेबलावर पाण्याचे पेले मांडत होता. एरवी तो हे काम करीत नसे.

"का केलंस?" बाईंनी चपला न काढताच विचारले.

"बस तर खरी."

"का केलंस?"

"भाऊंनी तीनदा फोन केला. मी त्यांना काय सांगू? माझी बायको माझं ऐकत नाही? आणि तू निवडून येणार होतीस का? सात-आठ मतं पडली असती आणि जन्मभर नाक कापलं गेलं असतं. तुझंच. मी तुला वाचवलं."

"मला विचारून वाचवायचंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच ऐकू आले असावे. आवाज उतरवून तो म्हणाला, "मला वाटलं, दोन दिवस रागावशील. तिसऱ्या दिवशी होईल सगळं ठीक. सही काय, एरवीही मीच करतो की तुझी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. भिंतीला हात लावत त्या खुर्चीवर बसल्या.

"तुझ्या बाबांनाही असंच वाटलं असणार," त्या मुलाला म्हणाल्या. "दोन दिवस रागावशील."

"आई, तू यात पडू नकोस."

"पडतेच आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, हे माहितीय तुला. सोडलं हेही माहितीय. कसं सोडलं ते नाही माहीत. तू सहा महिन्यांचा होतास. रजा संपवून मी कामावर गेले, तर माझ्या खुर्चीवर दुसरी पोरगी. कानाला माझाच हेडफोन. साहेबांनी मला राजीनामा दाखवला. खाली माझी सही. मी म्हटलं, ही माझी नाही. साहेब म्हणाले, बाई, तुमचे मिस्टर स्वतः देऊन गेले, घरी जाऊन विचारा." सासूबाईंनी एक पेला जवळ ओढला. "मी घरी आले आणि विचारलं नाही. स्वयंपाक केला. पस्तीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, चांगला केला. पण तेवढं विचारायचं राहून गेलं."

लेक दाराआड उभी राहून ऐकत होती, तिला आत पाठवायचेही कोणाला सुचले नाही.

"उद्या बाराला सुनावणी आहे," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुला बोलावतील. दुसरं काही नको. खरं काय ते सांग."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी बारा वाजता त्या जिन्यावरच्या खोलीत मास्तर, संघटनेचा कारकून, बाई आणि नवरा असे चौघे होते. पाचवे भाऊ, 'निरीक्षक म्हणून'. स्वतःच्याच निवडणुकीचे निरीक्षण ते करणार होते, पण हे कोणाला खटकले नाही. फोटोवाली दाराबाहेर जिन्यावर बसून राहिली.

मास्तरांनी तक्रार वाचली. मग कारकुनाला म्हणाले, "यांचा सभासदत्वाचा मूळ फॉर्म काढा. त्याच्यावरची सही तीच रेकॉर्डची सही. ताडून बघू, म्हणजे कुणी कुणावर आरोप करायला नको." हे ऐकून बाईंना बरे वाटले. कागद खोटे बोलत नाही यावर त्यांनी अख्खे आयुष्य काढले होते.

कारकुनाने लोखंडी कपाटातून फाइल काढली, धूळ झटकली, फॉर्म टेबलावर ठेवला. त्याच्या एका बाजूला माघारीचा अर्ज, दुसऱ्या बाजूला उमेदवारीचा अर्ज. तो खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, रेकॉर्डवरची आणि माघारीवरची सही एकच आहे. उमेदवारी अर्जावरची सही जरा वेगळी दिसते, रेघेचं वळण निराळं आहे."

"काय?" बाई उठून उभ्या राहिल्या.

त्यांनी फॉर्म पाहिला. बारा वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा लेक अकरा दिवसांची होती, बाई अंथरुणावर होत्या. नवरा संध्याकाळी हसत हसत येऊन म्हणाला होता, 'झालीस बाई सभासद, पेढे आण!' आणि त्यांना किती आनंद झाला होता! आपण कुठेच सही केली नाही, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. उलट, किती काळजी घेतो माझी, असे त्यांनी आईला कौतुकाने सांगितले होते. गॅसचे पुस्तक, बँकेचा फॉर्म, परवाची सहल. प्रत्येक वेळी त्या हसल्या होत्या. दुसऱ्यांच्या वेलांट्या शोधणाऱ्या बाईंना आपल्याच घरातली ही चूक बारा वर्षे दिसली नव्हती.

मास्तर नवऱ्याकडे वळले. "तूच सांग आता. फॉर्मवरची आणि माघारीवरची, या दोन्ही सह्या हिच्याच आहेत ना?"

मोक्याचा क्षण म्हणतात तो हाच. एक शब्द पुरला असता. 'माझ्या' एवढा एकच. नवऱ्याने बाईंकडे पाहिले, मग भाऊंकडे. भाऊ खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा कान खोलीत होता. नवऱ्याने आपल्या बुटांकडे बघत म्हटले, "हो. तिच्याच."

मास्तरांनी पेन उचलले. त्यांनी निकाल लिहिला. माघार वैध. उमेदवारी अर्जावरची सही रेकॉर्डशी जुळत नसल्याने तसाही तो अर्ज बाद.

"झालं ते झालं, वहिनी," भाऊ मऊ आवाजात म्हणाले. "मनात काही ठेवू नका. प्रुफं मात्र तुम्हीच बघायची हं. तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

अपमानापेक्षा मोठे काहीतरी बाईंच्या ध्यानात आले होते.

"म्हणजे या संघटनेत माझी सहीच नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी सभासद नव्हतेच. कोरा फॉर्म द्या."

"अहो, तांत्रिक बाब आहे—"

"फॉर्म द्या."

कारकून गोंधळला. "बाई, नव्यानं भरलात तर जुनी वर्षं जातील. उभं राहायला सलग तीन वर्षांचं सभासदत्व लागतं."

"मग आजपासून मोजा."

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर फॉर्म भरला, सावकाश, एकेक अक्षर बघून. खाली सही केली. मग एक रकाना उरला: सूचक सभासदाची सही. नवऱ्याचा हात सवयीने पुढे आला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. तो हात तसाच टेबलावर राहिला. बाईंनी दाराकडे बघून हाक मारली, "अगं, आत ये. सूचक हो माझी."

फोटोवाली आत आली आणि तिने उत्साहाने सही ठोकली. कारकुनाला आता ताडून बघायची चटकच लागली होती. त्याने तिचाही मूळ फॉर्म काढला. बघितला. पुन्हा बघितला.

"यांचीही जुळत नाही," तो म्हणाला.

"कशी जुळेल!" फोटोवाली फॉर्म बघून मोठ्याने हसली. "ही तर माझ्या भावाची सही आहे! मी तेव्हा दौऱ्यावर होते, तोच म्हणाला, मी भरून टाकतो..."

आणि ती हसायची थांबली.

भाऊंनी घड्याळाकडे पाहिले. मास्तरांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कारकुनाला म्हणाले, "बायकांचे सगळे फॉर्म काढ." कारकून म्हणाला, आज शनिवार आहे, उशीर होईल. "होऊ दे," मास्तर म्हणाले. मग बाईंचा नवा फॉर्म त्यांनी आपल्याकडे ओढला. "सूचक मी होईन. माझी सही माझीच आहे. कालच तिचा उपयोग करायला हवा होता, पोरी. नाही केला." बाईंनी त्यांना सही करू दिली. माफ केले, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मुलाला एकच विचारले, "काय सांगितलंस?" त्याने सांगितले. "माझ्या वेळी तू सहा महिन्यांचा होतास," त्या म्हणाल्या. "आता चव्वेचाळीसचा आहेस." एवढे बोलून त्या उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

वाचकांना आनंदाचा शेवट द्यायला मला आवडले असते, पण तसे घडले नाही. भाऊ सतराव्या वर्षीही बिनविरोध निवडून आले. मासिकाच्या पहिल्या पानावर 'परंपरा कायम' असा मथळा आला, आणि त्या अंकात इतक्या चुका होत्या की वाचवेना, कारण प्रुफे बघायला बाई नव्हत्या. बाईंच्या घरात आजही दोन माणसे गरजेपुरते बोलतात. रुजलेली सवय आणि तुटलेला विश्वास, दोन्ही एका सुनावणीत निकालात निघत नाहीत.

पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्यावर बायकांची रांग लागली. प्रत्येकीला आपला फॉर्म बघायचा होता. संघटनेत सव्वीस बायका. सतराजणींच्या सह्या त्यांच्या नव्हत्या. कोणाची सही बापाची होती, कोणाची नवऱ्याची, एकीची तर तिच्याच वरिष्ठांची. त्यांतली एकही सही वाईट हेतूने केलेली नव्हती. 'तुला कशाला त्रास' म्हणून, प्रेमाने केलेल्या होत्या सगळ्या. बाई रांगेच्या टोकाशी कोरे फॉर्म घेऊन उभ्या होत्या. सतरापैकी सोळाजणींनी तिथेच नव्याने भरले. सतरावी म्हणाली, घरी विचारून सांगते. बाईंनी तिलाही एक फॉर्म दिला, घडी न घालता.

तीन वर्षे अजून पुरी व्हायची आहेत. तोवर, वाचकहो, आपण एवढेच करावे. आपल्या घरातल्या बाईची सही आपल्याला हुबेहूब करता येते की नाही, ते मनातल्या मनात तपासावे. येत असेल, तर ती आपण का शिकलो, हेही एकदा स्वतःला विचारावे.